लहान मुलांना घेऊन दिवसभर बाहेर, खर्च ५०० रुपयांच्या आत: कुठे आणि कसं?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. घरी सहा वर्षांची मुलगी, साडेतीन वर्षांचा मुलगा, आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे कुरकुरतात पण फिरायची हौस दांडगी. राहायला धायरीत, चारचाकी नाही. सध्या रविवार म्हणजे मॉलमधलं खेळघर असं होऊन बसलंय. तासाचं तिकीट, त्यासाठी खास मोजे विकत घ्यायचे ते वेगळे, आणि बाहेर पडलं की समोर खाण्याची दुकानं मांडलेलीच. हजार-बाराशे सहज जातात. मुलं आत खेळतात आणि आम्ही तिघं मोठी माणसं काचेबाहेर उभी. पैशांपेक्षा मला हेच जास्त खटकतं, की त्यात सगळ्यांनी मिळून केलं असं काहीच नसतं.

तर प्रश्न असा: पाच माणसं, प्रवास धरून ५०० रुपये, सकाळी निघून जेवायच्या वेळेला किंवा संध्याकाळपर्यंत घरी. पुण्यातलं सांगा, जवळपासचं सांगा. दुसऱ्या गावचे असाल तर तिकडचंही सांगा, सुट्टीत नातेवाइकांकडे जाणं होतंच. नुसती नावं नकोत, ती कुठेही मिळतात. मुलं तिथे नेमकी कशात रमली ते लिहा.

कात्रजकर
सारसबाग आणि लागून पेशवे पार्क. यापलीकडे विचारच करू नका. फुलराणी १९५६ पासून धावतेय. माझे वडील तिच्यात बसले, मी बसलो, आता माझा मुलगा शिट्टी झाली की ओरडतो. पूर्वीचं प्राणिसंग्रहालय कात्रजला गेलं, पण पेशवे पार्कात आता ऊर्जेवरची खेळणी आहेत. सायकल मारली की वीज कशी होते ते मुलांना पायांनी कळतं.

आणि थंडीत गेलात तर तळ्यातल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घातलेली असते. आमच्या चिरंजीवांनी भर गाभाऱ्यासमोर विचारलं, "मग उंदराला का नाही?" पुजारीही हसले.

सोनचाफा
+१. उंदराच्या स्वेटरसाठी माझ्याकडे उरलेली लोकर आहे, कळवा.

दुपारचा_चहा
मुलं साडेतीन आणि सहाची असतील तर वाहन हीच सहल असते. ठिकाण दुय्यम. हे एकदा ध्यानात घेतलं की खर्च आपोआप खाली येतो.

धायरीहून पीएमपीच्या बसने स्वारगेट. तिथून मेट्रो धरा, ती जमिनीखालून जाते. जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरा. हे स्थानक देशातल्या सर्वांत खोल स्थानकांपैकी एक आहे, जवळजवळ ३३ मीटर खाली. तिथले सरकते जिने एकामागून एक चढत वर यायचं. वरच्या फलाटावर वनाज-रामवाडी मार्गाची गाडी मिळते आणि ती थेट हवेतून, मुठेच्या काठाने जाते. मुलांच्या दृष्टीने एका तिकिटात पाताळ आणि आकाश दोन्ही. संभाजी उद्यान किंवा डेक्कनला उतरा. या दोन स्थानकांचं छत पगडीच्या आकाराचं आहे, ते खाली रस्त्यावरून मुलांना दाखवा, त्यांना लगेच ओळखता येतं. मग बागेत बसून डबा. शनिवार-रविवारी मेट्रोच्या तिकिटात सवलतही मिळते. सासूबाईंसाठी सगळीकडे लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नाही.

माझ्या भाच्याला गाडीच्या पहिल्या डब्यात पुढच्या टोकाला उभं राहायचं असतं. दुसरं काही नको त्याला.

एसटीप्रेमी
वरच्या मुद्द्याला जोरदार पाठिंबा, आणि मी लालपरीची बाजू मांडतो. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून गरीब माणसाची सहल हिच्यामुळेच होते.

तुमच्या घराचा हिशेब करू. पाच वर्षांखालचं मूल फुकट, म्हणजे साडेतीन वर्षांच्या चिरंजीवांचं शून्य. पाच ते बारा अर्धं, म्हणजे कन्येचं अर्धं. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणजे तुमचं अर्धं, सासूबाईंचं अर्धं. यजमानांचं पूर्ण. पाच माणसं, अडीच तिकिटं! ७५ पूर्ण झालेल्या आजी-आजोबांना तर एसटीत प्रवास मोफत आहे, ओळखपत्र मात्र जवळ हवं. (पिंपळपान, तुम्ही महिला आहात असं धरून चाललोय. नसाल तरी घरातली बेरीज तीच राहते.)

अर्ध्या तिकिटाची ही सवलत एसटीची आहे, शहरातल्या पीएमपीला लागू नाही. स्वारगेटहून जेजुरी गाठा. मुलांना भंडारा उधळायला मिळाला की आणखी कुठल्या रंगाची गरज नाही.

रानजाई
जेजुरी उत्तम, पण ६८ वर्षांचे गुडघे आणि गडाच्या पायऱ्या? एसटीप्रेमी, जरा दमानं घ्या. त्यापेक्षा थेऊर. सपाट जागा, नदीकाठ, चिंतामणीचं दर्शन, पीएमपीची बसही जाते. माधवराव पेशव्यांचं १७७२ मध्ये तिथेच निधन झालं. आजींना इतिहासाची आवड असेल तर त्या नातवंडांना सांगतील. आजीला सांगण्यासारखं काही असलं की सहल तिचीही होते.

एसटीप्रेमी
मान्य. थेऊर.

दोन_पिल्लांची_आई
मी थोडी वेगळी बाजू मांडते, राग मानू नका. मॉलला नावं ठेवणं सोपं आहे. पण दीड वर्षाचं बाळ, एप्रिलचं ऊन आणि बागेतल्या स्वच्छतागृहाला कुलूप, अशा वेळी आईने काय करायचं? मॉलमध्ये स्वच्छ, फुकट स्वच्छतागृह असतं, बाळाला बदलायला ओटा असतो, पाणी असतं. मी कित्येकदा फक्त तेवढ्यासाठी तिथे गेले आहे आणि एक रुपयाही खर्च न करता परत आले आहे. गडावर, लेण्यांत, धरणावर जा म्हणणाऱ्या बहुतेक लोकांच्या कडेवर बाळ नसतं.

म्हणून माझी विनंती आहे की प्रत्येकाने ठिकाण सांगताना तीन गोष्टी सांगाव्यात: स्वच्छतागृह कसं आहे, सावली आहे का, पिण्याचं पाणी आहे का. तिकिटापेक्षा या तीन गोष्टींवर सहल ठरते.

पिंपळपान
दोन_पिल्लांची_आई, अगदी रास्त. हे मी मूळ प्रश्नात लिहायला हवं असं आता वाटतंय, कृपया सगळ्यांनी तिन्ही गोष्टी लिहा. (आणि हो, महिलाच.)

सोनचाफा
एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो, अंगावर पाजायला. सगळीकडे सारख्या अवस्थेत नसतो, पण विचारायचं. विचारणाऱ्या वाढल्या की कुलपं निघतात. बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेल्या बाईचं नाव त्या खोलीला दिलंय, तर ती खोली उघडी असायलाच हवी.

भायखळ्याचा_बाबा
मुंबईकरांसाठी: राणीची बाग. तीन प्रश्नांची उत्तरं आधी देतो. स्वच्छतागृहं आहेत, पाणी आहे, आणि सावली तर इतकी की मे महिन्यातही आत शिरलं की बरं वाटतं. आई-बाबा आणि दोन मुलं मिळून १०० रुपये तिकीट. बुधवारी बंद. भायखळा स्टेशनवरून चालत दहा मिनिटं.

पेंग्विन २०१७ पासून बघायला मिळतात आणि सगळी गर्दी तिकडेच धावते. मी उलटं करतो. सकाळी उघडल्या उघडल्या वाघ आणि अस्वल, कारण ऊन वाढलं की ते सावलीला आडवे होतात. पेंग्विन काचेआड गार हवेत असतात, ते कुठे जात नाहीत. आत गोरखचिंचेची झाडं आहेत, त्यांच्या खोडाला मुलं हात पसरून मिठी मारतात आणि चार जणांतही वेढा पुरा होत नाही. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे, तो नक्की दाखवा. घारापुरी बेटावरचा हा हत्ती. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यावरून. इंग्रज तो इंग्लंडला न्यायला निघाले होते, उचलतानाच तुटला, म्हणून इथे राहिला. माझी मुलगी दर वेळी त्याला "वाचलास रे बाबा" म्हणते.

रानजाई
हत्तीचं वाचून फार आनंद झाला.

माझा अनुभव एका गोष्टीबद्दल सांगते. आपण मोठी माणसं तिकीट काढलं की वसुलीच्या मागे लागतो. सगळे पिंजरे, सगळी दालनं, सगळे फोटो. साडेतीन वर्षांचं मूल दोन तासांत थकतं, मग रडतं, मग आपण चिडतो, आणि रडणं थांबवायला आइस्क्रीम आणि फुगा. खरा खर्च तिथे होतो. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात (तेही बुधवारी बंद) माझा मुलगा पूर्ण वेळ एका माळीकाकांच्या पाण्याच्या पाइपापाशी उभा होता. पाण्याचा ओघळ कुठे जातो ते बघत. पांढरा वाघ पाच मिनिटं, पाइप पाऊण तास. मी त्याला ओढून नेलं नाही, बाकावर बसले आणि शेंगा खाल्ल्या. त्या दिवशी कोणीच रडलं नाही. पुन्हा जायचं असेल तर वाघ तिथेच आहे.

सकाळी आठला घर सोडा, दुपारच्या झोपेच्या आत परत या. अर्धा दिवसच पुरे.

दुपारचा_चहा
"पांढरा वाघ पाच मिनिटं, पाइप पाऊण तास" हे प्रत्येक पालकाने लिहून ठेवावं.

कात्रजकर
जेवणाचं कोणी बोललं नाही अजून. माझ्या मते घरचा डबा हाच खरा उपाय. पाच माणसांचं बाहेरचं खाणं म्हणजे सातशे-आठशे, तिथेच बजेट संपलं. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दशम्या, भडंग, केळी. आमची आई पहाटे उठून सगळं करायची आणि आम्ही सारसबागेत सतरंजी टाकून जेवायचो. तसं सुख नाही.

दोन_पिल्लांची_आई
कात्रजकर, आठवण गोड आहे. पण "आई पहाटे उठून" याच्यावर जरा थांबा. सगळ्यांची सुट्टी आणि तिची मात्र चार वाजता पाळी सुरू, संध्याकाळी येऊन डबेही तिनेच घासायचे. पैसे वाचले ते तिच्या झोपेतून. घरातल्या बाईला सुट्टीच मिळणार नसेल तर ती सहल स्वस्त कशी म्हणायची?

कात्रजकर
हे बरोबर आहे. आमच्याकडे डबा मी करतो आता, पण आईच्या बाबतीत हा विचार कोणी घरात केला नव्हता. तिला आज विचारतो की तिला त्या सहली कशा वाटायच्या.

साधाभात
मधला रस्ता सांगतो. काहीही तळायचं नाही. रात्रीचा दहीभात मोठ्या डब्यात, त्यात साय घातली की लवकर आंबट होत नाही. मेतकूट वेगळं. काकडी, गाजर, चुरमुरे-शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या. सगळं मिळून पंधरा मिनिटांत, कोणीही करू शकतं. आणि एक गोष्ट बाहेरची घ्यायची, आधीच ठरवून: भेळ किंवा उसाचा रस किंवा कणीस. मुलांना घरातून निघतानाच सांगायचं की आज एक गोष्ट मिळणार, कुठली ते तुम्ही ठरवा. मग पूर्ण रस्ताभर त्यांची चर्चा चालते आणि हट्ट होत नाही. परत आल्यावर डबे मुलांनी सिंकमध्ये आणून ठेवायचे, सहा वर्षांचं मूल ते सहज करतं.

सोनचाफा
"कोणती एक गोष्ट" यावर आमच्या जुळ्यांची चर्चा हडपसरपासून शनिवारवाड्यापर्यंत चालली आणि शेवटी एकमत झालं: बर्फाचा गोळा. तेही डिसेंबरात.

गोदाकाठ
नाशिककडून नमस्कार. नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० मध्ये दर्जा मिळाला. डिसेंबर ते फेब्रुवारी, भल्या पहाटे. मनोऱ्यांवरून बघता येतं आणि गावातलीच मुलं वाटाड्या म्हणून येतात, त्यांना दुर्बिणीच्या भाड्यासकट पैसे द्या, तिथे घासाघीस करू नका. सावली कमी, स्वच्छतागृह चापडगावच्या बाजूला. बाळ असेल तर अवघड, सहा वर्षांच्या मुलीला मात्र जरूर दाखवा. आमच्या मुलीला पक्ष्यांची नावं लक्षात राहिली नाहीत. तिला लक्षात राहिलं की हजारो पक्षी एकदम उडाले की आवाज कसा होतो.

अबोली_पणजी
आमच्या गोंयांत फेरीबोट. जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर जायला चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. मुलं कठड्याला धरून मांडवी बघतात, पलीकडे उतरून गावात चक्कर, परत बोट. बोटीवर बसण्यासाठीच दोनदा जाऊन येतो आम्ही. समुद्रकिनाऱ्यावर जेवढे पैसे जातात त्याच्या एक आणा नाही.

कमाटीबागवाली
बडोद्याहून लिहितेय. आमच्या तीन पिढ्या इथल्याच, घरात अजून मराठीच. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये केलेली सयाजीबाग, आम्ही सगळे कमाटीबागच म्हणतो. आत प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालयात निळ्या देवमाशाचा पूर्ण सांगाडा! गाव समुद्रापासून लांब आणि देवमासा बागेत. माझ्या नातवाला वाटतं तो विश्वामित्रीतून पोहत आला. इकडे नातेवाईक असतील तर पूर्ण दिवस तिथेच जातो.

संत्र्याची_साल
नागपूर: मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. छोटी जुनी इंजिनं, मोकळी जागा, मुलांना जवळ जाऊन बघता येतं. रमण विज्ञान केंद्रही आहे, पण साडेतीन वर्षांच्या मुलाला आधी इंजिनच दाखवा. उन्हाळ्यात संध्याकाळीच जा, आमच्या उन्हाशी खेळू नका.

दुपारचा_चहा
रेल्वेवरून आठवलं. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे. बंद जागा, बसायला खुर्च्या, पाऊस असो की ऊन, काही फरक पडत नाही. एका दालनात पूर्ण शहर उभं केलंय, गाड्या धावतात, दिवे मालवून रात्र करतात. पावसाळ्यातल्या रविवारी मॉलला खरा पर्याय हाच.

आणि सहा वर्षांच्या मुलीसाठी एक तारीख नोंदवून ठेवा: २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या वेधशाळेच्या रेडिओ दुर्बिणी आहेत, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्या सुमाराला तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं आणि सगळ्यांना आत सोडतात. गावागावांतली शाळेची मुलं आपले प्रयोग घेऊन येतात. मोठी मुलं छोट्यांना समजावून सांगतात, ते मला दुर्बिणीइतकंच आवडतं. धाकट्याला मात्र घरी ठेवा, दिवस मोठा होतो.

गप्पिष्ट
एवढं लांब कशाला? महात्मा फुले मंडई. हसू नका. १८८६ सालची दगडी इमारत, वर उंच मनोरा. मुलांच्या हातात प्रत्येकी २० रुपये द्या आणि सांगा, आपल्या घरासाठी एक भाजी तुम्ही निवडायची, भाव विचारायचा, पैसे द्यायचे, उरलेले परत घ्यायचे. माझ्या मुलाने ओली हळद आणली, कारण ती "बोटांसारखी" दिसते. आजींना तर तिथे काही शिकवावंच लागत नाही, उलट त्याच पोरांना भेंडी मोडून बघायला शिकवतील. घरी येऊन त्याच भाजीचं जेवण. एक रुपया वाया गेला नाही.

जाता जाता: ही मंडई बांधताना पालिकेत जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला लावा म्हणून. आज नाव त्यांचंच आहे.

साधाभात
आणि भाजी स्वतः आणलेली असली की मुलं ती खातात. निदान पहिला घास तरी.

एसटीप्रेमी
मंडईला मेट्रोचं स्थानक आहे, स्वारगेटच्या पुढचंच. दुपारचा_चहा यांची सहल आणि ही एकत्र करा.

रानजाई
गर्दीच्या ठिकाणी जाताना एक करा: मुलांच्या खिशात आई-बाबांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. साडेतीन वर्षांच्याला नंबर पाठ नसतो. आणि "हरवलास तर जिथे आहेस तिथेच थांब" हे घरातून निघताना म्हणून घ्या.

पिंपळपान
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना पूर्ण धागा वाचून दाखवला. राणीच्या बागेतल्या हत्तीवर त्या खूश, आणि दिवाडीच्या बोटीबद्दल विचारतायत की गोव्याला कधी जायचं.

या रविवारचं ठरलं. धायरीहून सकाळची बस, स्वारगेटहून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला बदलून डेक्कन, संभाजी उद्यानात दहीभात. परतताना मंडईला उतरायचं, दोघांना वीस-वीस रुपये. दहीभात नवरा लावणार आहे, साय घालायची हे त्याने वहीत लिहून घेतलंय. हिशेब केला तर बाहेरची एक गोष्ट धरूनही ५०० च्या बऱ्याच आत बसतंय. सासूबाईंची एकच अट: भाव मुलांनी विचारायचा, पण घासाघीस त्या करणार.

एक शंका: मंडई परतीच्या वाटेवर दुपारी ठेवली तर चालेल का? की तिथे आधी जावं?

गप्पिष्ट
आधी जा. सकाळी माल ताजा असतो आणि भाजीवाल्या मावशींना मुलांशी बोलायला वेळही असतो, दुपारी अर्धे गाळे आवरायला लागलेले दिसतात. आठच्या सुमाराला मंडई, भाजीची पिशवी नवऱ्याच्या खांद्यावर, मग मेट्रोने डेक्कन. पालेभाजी घेऊ नका त्या दिवशी, उन्हात मलूल होते. गवार, भोपळा, दोडका, असलं काहीतरी टिकाऊ निवडू द्या.

सोनचाफा
स्वच्छतागृहाचं मेट्रो स्थानकातच उरका, बागेची वाट बघू नका.

दोन_पिल्लांची_आई
धन्यवाद सोनचाफा! आणि पिंपळपान, पाण्याची मोठी बाटली दोन घ्या. एक आजींच्या हाताशी येईल अशी.